जमिनीकडे वळवलेला कॅमेरा

मामांनी तीस वर्षे इतरांच्या लग्नांत घालवली, आणि त्यांतल्या एकाही लग्नाच्या चित्रणात ते स्वतः कुठे दिसत नाहीत. आरशासमोर बसलेल्या नवरीला टिपतानासुद्धा आरशात आपण येणार नाही असा कोन ते हुडकून काढत. ही त्यांची हौस नव्हती. तो धंद्यातला शिष्टाचार होता, आणि तो त्यांना त्यांच्या उस्तादांनी शिकवला होता. उस्ताद पाठीत वाकलेले आणि जिभेने ताठ. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावले होते, "दोन गोष्टी टिपायच्या नाहीत. तोंडातला घास आणि डोळ्यातलं पाणी. बाकी सगळं तुझं."

"मग त्या वेळी कॅमेरा बंद करायचा?"

"बंद कशाला करतोस, गाढवा? चालू-बंद केलंस की टेपमध्ये चट्टे पडतात. नुसती मान खाली घालायची. तुझी नव्हे, कॅमेऱ्याची. फरशी दिसू दे. नंतर कापू."

आवाजाचा विषय उस्तादांनी काढला नाही आणि मामांनी विचारला नाही, कारण त्या धंद्यात आवाज ही वस्तूच नव्हती. लग्नाच्या चित्रणावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणी चढवली जात. पाहुण्यांची कुजबुज, व्याह्यांचे टोमणे, कोपऱ्यातले रुसवेफुगवे, सगळे त्या गाण्यांखाली गाडले जाई. माणसाची अब्रू चेहऱ्यात असते, आणि चेहरा वगळला की अब्रू राखली जाते, हा समज मामांच्या हाडीमाशी खिळला. तो समज आहे हे त्यांना कधी कळले नाही. समज हाडीमाशी खिळतो तेव्हा तो आपल्याला स्वभाव वाटू लागतो.

पुढे प्रत्येक पाहुण्याच्या हातात कॅमेरा आला आणि मामांचा धंदा पाण्यातल्या मिठासारखा विरत गेला. तो पुरता विरला तेव्हा त्यांना काम दिले ते त्यांच्या थोरल्या बहिणीच्या मुलीने. भाची एकतीस वर्षांची. औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिचे कार्यालय होते, आणि छोट्या दुकानदारांसाठी ती मिनिटभराचे व्हिडिओ बनवी. चष्मेवाला, सलूनवाला, रोपवाटिकेचा मालक, चामड्याच्या बॅगा शिवणाऱ्या बाई, अशी तिची गिऱ्हाइके. ती मामा म्हणे म्हणून कार्यालयात सगळेच मामा म्हणत, आणि काही दिवसांत गिऱ्हाइकेही म्हणू लागली.

भाचीच्या धंद्याचे गणित सरळ आणि निर्दय होते. गिऱ्हाईक महिन्यातून एक दिवस चित्रणाला देई आणि त्या एका दिवसातून तीस व्हिडिओ मागे. एका दिवसात तीस दिवस नसतात. म्हणून तिने दुसरा कॅमेरा ठेवला होता. पहिला कॅमेरा माल टिपे आणि दुसरा कॅमेरा तो माल टिपताना घडणारे सगळे टिपे. दिवे लावणे, घाम पुसणे, चुकलेले वाक्य, हसू, वैताग. कार्यालयाच्या भाषेत पहिले ते 'पुढचं' आणि दुसरे ते 'मागचं'. पुढच्यातून कसेबसे दहा व्हिडिओ निघत. उरलेले वीस मागच्याने भरायचे. हा मागचा कॅमेरा मामांकडे होता.

मामांना हे काम पहिल्या महिन्यापासून जाचत होते. मागचे टिपले जाते आहे हे कळल्यावर ते मागचे राहत नाही, एवढी साधी गोष्ट कुणाच्या गावी नव्हती. सलूनवाल्याने एकदा मोठ्या प्रामाणिकपणे विचारले, "मामा, मागचं करताना माझे केस विसकटलेले ठेवू का? खरं वाटेल." रोपवाटिकेच्या मालकाने तर मुद्दाम कुंडी पाडण्याचा सराव करून ठेवला होता, आणि तीन कुंड्या फुटल्यावर चौथी त्याला हवी तशी पडली. जिथे खरेच काही घडे, कुणाचा गळा दाटून येई, कुणी भिंतीकडे तोंड करून डबा खाई, तिथे मामांचा हात आपोआप खाली जाई. मग कार्यालयात संकलन करणाऱ्या मुलीचा पारा चढे. तेवीस वर्षांच्या त्या मुलीला सगळे 'कात्री' म्हणत, आणि तिच्या जिभेलाही ते नाव शोभून दिसे.

"मामा, हे काय? ऐन रंगात आलं की फरशी!"

"अगं, ती जेवत होती."

"मग? जेवण्यावर बंदी आहे? तुमच्या सगळ्या क्लिपांमध्ये हिरॉईन एकच, फरशी. तिचं एक वेगळं खातं उघडते मी. आपल्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त लोक जमतील तिथे."

मामा हसत. पण हसून झाल्यावर आपण नेमके कशाला हसलो हे त्यांना सांगता येत नसे, आणि घरी जाताना ते उगाचच चार पावले भरभर टाकत.

बॅगवाल्या बाईंकडचे चित्रण मंगळवारी झाले. त्यांचा कारखाना म्हणजे तळमजल्याची एक लांबट खोली. मधोमध जाड फळीचे बाक, त्यावर कातडे कापायची रापी, टोचायची आरी आणि मेण लावलेला दोरा. भिंतीला बेतून टांगलेली कातडी, खळीचा उग्र वास, आणि कोपऱ्यातून वर जाणारा लाकडी जिना. वर राहती जागा. हा कारखाना सासूबाईंनी उभा केलेला आणि अजून त्यांच्याच नावावर होता. बाई पन्नाशीच्या आतल्या. नवरा सहा वर्षांपूर्वी गेलेला. बोटांवर आरीने पडलेले घट्टे आणि बोलण्यात कारागिराचा नेमकेपणा. शब्दही त्या दोरा मोजून घ्यावा तसे घेत.

त्या दिवशी त्या वरचेवर चुकत होत्या. "या बॅगेची शिवण हाताची आहे" हे एक वाक्य सहा वेळा घेतले. दर थोड्या वेळाने "आले हं" म्हणून त्या ओल्या डोळ्यांनी जिना चढत आणि खाली येत, आणि तेवढा वेळ मामांचा कॅमेरा फरशीकडे असे. तिसऱ्यांदा खाली आल्या तेव्हा पुढच्या कॅमेऱ्याची माणसे दिवे हलवत होती. बाई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या. समोर मामाच होते. बाईंचे डोळे भरले आणि मामांनी रीतीप्रमाणे कॅमेरा फरशीकडे वळवला. बाईंनी ते पाहिले, पदराने डोळे टिपले आणि त्या बोलू लागल्या.

"वर सासूबाई आहेत, मामा. माणसं ओळखत नाहीत आता. खाली आल्या की येणाऱ्या-जाणाऱ्याला चोर म्हणतात. परवा गिऱ्हाइकाच्या हातातली बॅग ओढली. आज तुम्ही येणार, म्हणून बाहेरून कडी घातलीय मी. माझ्या हातानं. त्यांनीच मला आरी धरायला शिकवलं हो."

मामा म्हणाले, "ताई, तुम्ही तीनदा वर जाऊन आलात. मी पाहतोय ना."

"जाऊन काय करते? कडी काढते, पाणी देते, 'झालंच आता' म्हणते, आणि पुन्हा कडी घालते." मग त्या उठल्या, तोंडावर पाणी मारून आल्या, आणि सातव्या वेळेला ते वाक्य बिनचूक म्हणाल्या.

गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास मामा कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावत होते, आणि कात्रीच्या संगणकाची हेडफोनची पिन निसटली. खोलीभर बाईंचा आवाज घुमला. "बाहेरून कडी घातलीय मी. माझ्या हातानं." पडद्यावर बॅगेचे पितळी बक्कल सावकाश बंद होत होते आणि त्यावर अक्षरे उमटत होती: यशाच्या मागे दडलेलं सत्य.

मामांना क्षणभर काही समजलेच नाही. मग त्यांच्या लक्षात आले, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे तुला कुठे मिळालं? मी तर कॅमेरा खाली केला होता!"

"चित्र खाली होतं, मामा. आवाज कुठे खाली होता?" कात्रीला खरोखर नवल वाटले. "उलट फरशी होती म्हणूनच कुणी मध्ये बोललं नाही. काय स्वच्छ आवाज आलाय! मी त्यावर पुढच्यातलं बक्कल बसवलं. जमलंय की नाही?"

मामा आतल्या खोलीत भाचीकडे गेले. ती एका गिऱ्हाइकाला फोनवर शब्द देत होती. फोन ठेवून तिने पूर्ण ऐकून घेतले. ती वाईट नव्हती, आणि नेमकी हीच अडचण होती. वाईट माणसाशी भांडता येते.

"मामा, लोकांना गुळगुळीत काही नको झालंय. खरं हवंय. आणि हे खरं आहे ना?"

"खरं आहे म्हणूनच ते तिचं आहे."

"तिनं कागदावर सही केलीय. पुढचं-मागचं सगळं वापरायला."

"सही केली तेव्हा ती रडेल हे तिला ठाऊक होतं?"

"तुम्हाला तत्त्व सुचतंय," भाची म्हणाली, "मला सतरा नंबरचा व्हिडिओ सुचायचाय. कोंड्याचा मांडा मीच करायचा, आणि तुम्ही कोंडासुद्धा फरशीवर सांडून येता. बरं, असं करू. तिलाच विचारू. तिनं नको म्हटलं तर नको. मग तर झालं?"

भाचीने व्हिडिओ पाठवला, खाली लिहिले, "सहा वाजता टाकतोय, चालेल ना?" दोन मिनिटांत उत्तर आले. अंगठा.

"बघा," भाची म्हणाली. तिच्या स्वरात विजय नव्हता, सुटका होती. "आपणच उगाच परस्पर दुसऱ्याची लाज धरून बसतो."

मामा बाहेरच्या खोलीत येऊन खुर्चीत टेकले. ज्याचे जळते त्याला कळते म्हणतात, आणि इथे जिचे जळायचे तीच चालेल म्हणत होती. मग आपल्यालाच काय एवढी टोचणी? कदाचित आपणच जुने झालो असू. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण ज्या काळात खरी होती तो काळ संपला असेल. त्यांनी बॅटऱ्या पुन्हा मोजल्या. आणि मोजता मोजता त्यांना आठवले की मंगळवारी दिवसभरात बाईंचा फोन एकदाही वाजला नव्हता. तो बाकावर नुसता थरथरायचा. त्यांनीच तेव्हा सांगितले होते: "आवाज बंदच असतो माझा. फोन वाजला की सासूबाई दार उघडायला धावतात." बाईंनी व्हिडिओ पाहिला होता. ऐकला नव्हता.

मामांनी फोन लावला, तो उचलला गेला नाही. ते तसेच निघाले. कात्रीने मागून विचारले, "मामा, कुठे?" कारखान्यात पोचले तेव्हा पाच वाजून पस्तीस मिनिटे झाली होती. बाई एका पट्ट्याची कड घासत होत्या.

"ताई, तो व्हिडिओ आवाज लावून बघा."

"चांगला आहे की. बक्कल छान दिसतंय."

"आवाज लावून. आत्ता."

बाईंनी जिन्याकडे एकदा पाहिले, फोन कानाशी धरला आणि ऐकला. अठ्ठावन्न सेकंद. मामा तेवढा वेळ बाकावरच्या रापीकडे पाहत उभे राहिले. ऐकून झाल्यावर बाईंनी फोन पालथा ठेवला.

"तुम्ही कॅमेरा खाली केला होतात."

"हो."

"मी पाहिलं. तुम्ही खाली केलात म्हणूनच बोलले मी. समोर धरला असतात तर दातखीळ बसली असती माझी. हा माणूस बघत नाहीये, असं वाटलं म्हणून बोलले."

मामांना वाटत होते की आपण सभ्यपणे वागलो आणि इतरांनी त्या सभ्यपणाचा गैरवापर केला. बाईंच्या तोंडून ऐकल्यावर गोष्ट उलटी दिसू लागली. त्या सभ्यपणानेच बाईंना बोलते केले होते. सापळा इतरांनी लावला असेल, पण त्यातले आमिष मामांची तीस वर्षांची रीत होती.

"माझी नणंद सगळे व्हिडिओ बघते," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या शहरात असते. आधीच म्हणते, वहिनी आईला धड सांभाळत नाही, मी घेऊन जाते. इथून हलवलं तर सासूबाई टिकणार नाहीत, मामा. त्यांना आता माणसं कळत नाहीत, पण हा वास कळतो. कातड्यावर हात फिरवला की शांत होतात. लावा फोन तुमच्या भाचीला."

मामांनी फोन लावून बाकावर ठेवला. बाई बोलल्या ते एकच वाक्य, "मी आवाजाशिवाय बघितला होता, टाकू नका." मग भाची म्हणाली, "ठीक आहे ताई. नाही टाकत. सॉरी." आणि तिने ते मनापासून म्हटले होते. पाच वाजून चव्वेचाळीस मिनिटे झाली होती. मामांनी सोडलेला श्वास अजून पुरता बाहेर पडला नव्हता, तेवढ्यात फोनमधून दुरून कात्रीचा आवाज आला.

"मॅडम, पण ती नऊ सेकंदांची? ती सकाळीच गेलीय ना. झलक म्हणून."

एका व्हिडिओचे तुकडे करायचे, तुकड्याची झलक करायची, झलकेवर आणखी एक वाक्य चढवायचे, अशी त्या कार्यालयाची पद्धत होती. कोणता तुकडा कुठे गेला हे एकट्या कात्रीच्या डोक्यात असे, आणि तेही विचारले तरच. भाचीलाही ठाऊक नव्हते. ती फोनवरच कडाडली, "काढ! आत्ताच्या आत्ता काढ!" आणि त्याच वेळी बाकावर बाईंचा फोन थरथरू लागला. पालथा होता, तरी कोणाचा असणार हे दोघांनाही कळले. तो थरथरत फळीवरून कडेकडे सरकला. पडायच्या बेतात आला तेव्हा बाईंनी उचलला.

"बोला, वन्सं."

पुढचे मामांना एकाच बाजूने ऐकू आले.

"हो. माझाच आवाज आहे... हो, घातली होती... मंगळवारी. कामापुरती... नाही हो, दिवसभर कशी? मी वर जात होते... तीनदा. चारदा... पाणी ठेवलं होतं, दिलंही होतं... मला काय हौस आहे?... बरं. या तुम्ही. रविवारी या."

फोन ठेवून त्यांनी पुन्हा पट्ट्याची कड हातात घेतली. पण घासली नाही. "तुमच्याकडे त्या दिवशीचं सगळं आहे ना, मामा? नऊ सेकंदांचं नव्हे. सगळं. मी वर जातेय, कडी काढतेय, त्यांच्याशी बोलतेय, ते ऐकू येत असेल ना?"

"येत असेल. लाकडी जिना आहे. पावलंसुद्धा ऐकू येतील."

"मग मला ते आणून द्या. वन्सं दुष्ट नाहीत. पूर्ण ऐकलं तर समजतील."

मामा त्या संध्याकाळी घरी गेले ते जरा हलके होऊन. बायकोने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "भाचीवर ओरडू नका हं. आपलेच दात नि आपलेच ओठ." त्यांनी ओरडायचे नाही असे ठरवलेही. दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडण्याआधी ते जिन्यात उभे होते. कात्री आली तसे म्हणाले, "मंगळवारचं माझं सगळं मला दे."

"सगळं म्हणजे?"

"फरशीचं. एकूण एक तुकडा."

कात्रीने किल्ली लावता लावता मागे वळून पाहिले. "मामा, फरशीचं कोण ठेवतं? डिस्क भरते ना. कामाचा आवाज काढला की मी ते उडवते. नेहमीच."

"कामाचा म्हणजे किती?"

"एकतीस सेकंद."

"आणि जिना चढल्याचा आवाज? वरचं बोलणं?"

"ते कशाला ठेवू? त्यात काही घडतच नव्हतं." मग त्यांचा चेहरा पाहून ती वरमली. "मामा, मला कसं कळणार? तुम्ही दर वेळी जमिनीकडे करता. मला वाटलं, जे तुम्हालाच नको आहे..."

मामा ओरडले नाहीत. ओरडायचे कुणावर? या मुलीने काम चोख केले होते. भाचीने शब्द पाळला होता. बाईंनी सही केली होती आणि अंगठाही दिला होता. मामांनी स्वतः रीत मोडली नव्हती. सगळी माणसे आपापल्या जागी बरोबर होती, आणि या सगळ्या बरोबरांची बेरीज एका म्हातारीच्या दाराशी येऊन थांबली होती. अन्याय करणारा समोर उभा असला की निदान राग काढता येतो. इथे रागाला बसायला पाटसुद्धा नव्हता. त्यांनी भाचीला सांगितले, "रविवारी मी तिथे जाणार. मी पाहिलंय, मी सांगेन." भाची म्हणाली, "मामा, मीही येते." पण रविवारी सकाळी तिचा निरोप आला, चष्मेवाल्याचे चित्रण अचानक आजच ठरले आहे, तुम्ही व्हा पुढे, त्यांना माझ्या वतीने सॉरी सांगा.

नणंद उंच, थकलेल्या डोळ्यांची, आणि रात्रभर प्रवास करून आलेली होती. ती आधी वर जाऊन आली. खाली आली तेव्हा तिच्या बोटाला गंज लागला होता; वरच्या दाराच्या बाहेरच्या कडीवरून तिने बोट फिरवले असावे. बाकापाशी ती उभीच राहिली.

"हे कोण?"

"हे त्या दिवशी इथे होते," बाई म्हणाल्या. "मामा. मागचा कॅमेरा यांच्याकडे होता."

"म्हणजे हे सगळं ज्यांनी केलं ते!"

मामांनी ते ऐकून घेतले. मग घरून येताना मनात जुळवलेली वाक्ये त्यांनी एकामागून एक मांडली. ताई तीनदा वर गेल्या. दर वेळी कडी काढल्याचा आवाज आला. एकदा सासूबाई हसल्याचाही आला. ताई निदान दहा मिनिटे वर थांबायच्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले, आणि कुठेही सांगायला तयार आहे.

नणंदेने नीट ऐकले. तिला विश्वास ठेवायचा होता, हे दिसत होते.

"व्हिडिओ आहे का त्याचा?"

"नाही."

"पण कॅमेरा तर चालू होता."

"जमिनीकडे केला होता. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून. आमच्यात तशी रीत आहे." हे बोलताना मामांना स्वतःलाच ते वाक्य लंगड्या सबबीसारखे ऐकू आले. तीस वर्षांत त्यांना ते कधी कुणाला सांगावे लागले नव्हते.

"म्हणजे वहिनीनं कडी घातल्याचा पुरावा आहे, आणि काढल्याचा नाही."

"मी आहे ना," मामा म्हणाले. "मी तिथे होतो."

"काका, तुमचा पोटापाण्याचा धंदा आहे. तुम्ही गिऱ्हाइकाच्या बाजूनं बोलणारच." ती कडवटपणे बोलली नाही. रोज हजार चित्रे पाहणाऱ्या माणसाच्या शांत शहाणपणाने बोलली. मग बाईंकडे वळली. "वहिनी, मी तुला नावं ठेवायला आलेली नाही. पण मुलं विचारतायत, शेजारी विचारतायत. दोन महिने आईला माझ्याकडे नेते. बघू."

"त्यांना तिथे झोप लागणार नाही."

"इथे कडी लावून लागते?"

सहा वर्षे बाईंनी जे ओठांवर येऊ दिले नव्हते ते एकदाच आले होते, आणि त्याची किंमत अजून चुकती होत होती. त्या जिन्याकडे गेल्या, परत आल्या, आणि सांगू लागल्या तेव्हा त्यांचा आवाज बेताचा होता. "निळ्या पेल्यातूनच पाणी पितात. दुसरा दिला तर ढकलतात. सकाळी उठल्या उठल्या नाव विचारायचं नाही, चिडतात. आपणच आपलं नाव सांगायचं, सहज. चामड्याचा एक तुकडा हाताशी ठेवायचा. रात्रीची गोळी..."

"थांब, थांब," नणंद घाईने म्हणाली. तिचे डोळे आता भरले होते आणि ती पर्समध्ये फोन शोधत होती. "एवढं सगळं माझ्या लक्षात राहायचं नाही. पुन्हा सांग पहिल्यापासून. मी रेकॉर्ड करते."

फोन तिने बाईंच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर लाल ठिपका लागला. बाईंचे ओठ उघडले होते, ते तसेच मिटले. मामांची नजर सवयीने फरशीकडे गेली, आणि या वेळी तिथून ती वर काढायला त्यांना जोर लावावा लागला. त्यांनी वर पाहिले. नणंद वाट पाहत होती. ठिपक्याशेजारचे आकडे पुढे जात होते.

"बोल ना, वहिनी."

बाईंनी मान हलवली. कातडे बेतायचा एक जाड कागद बाकाखालून ओढला, कानावरची पेन्सिल काढली.

"लिहून देते," त्या म्हणाल्या, आणि बाकावर वाकून लिहू लागल्या.